पलीकडचं संत्राघर

मी रामेश्वरला जाऊन आले याचं नानांना मनापासून वाईट वाटलं होतं. बँकेकडून प्रवासाची सवलत मिळते, ती वाया जाऊ नये म्हणून गेले होते. परतल्यावर दूधविनायकाच्या गल्लीत त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, तर त्यांनी तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "ताई, इतक्या दूर कशाला परेशान झालात? रामेश्वर आपल्याकडे आहे ना. मला बोलल्या असत्या तर नाश्त्याच्या आधी दाखवून आणलं असतं."

यात विनोद नव्हता. काशीतल्या जुन्या लोकांची पक्की समजूत आहे की देशातलं प्रत्येक तीर्थ काशीच्या कुठल्या ना कुठल्या गल्लीत येऊन राहिलेलं आहे. केदारनाथ इथे आहे, द्वारका इथे आहे, जगन्नाथपुरी इथे आहे. ज्याला बाहेर जायची ताकद नाही त्यानं इथेच फिरावं, पुण्य तेवढंच. बाकीचे लोक ही समजूत सणावारी वापरतात, नाना ती रोज वापरत. मी ट्रेनिंगसाठी हैदराबादला निघाले तेव्हा त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून विचार केला आणि हैदराबाद काशीत नसल्याबद्दल माझी माफी मागितली.

नाना म्हणजे गजाननशास्त्री, दुर्गाघाटावरचे तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, त्यांचे विधी करायचे, त्यांना देवळं दाखवायची हा त्यांचा पिढीजात उद्योग. ठेंगणी मूर्ती, धोतर, बंडी, आणि बारा महिने काखेत छत्री. यात्रेकरूंना घेऊन निघाले की छत्री उंच धरायचे आणि मागे वळून कधी बघायचे नाहीत. एकदा सगळे यात्रेकरू वाटेत लस्सी प्यायला थांबले, तरी नानांनी उरलेली माहिती एका गाईला पूर्ण सांगितली. मी मूळची साताऱ्याची, बदलीवर काशीत आलेली, त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहणारी. 'बँकवाल्या ताई'चं नुसतं 'ताई' व्हायला दोन वर्षं गेली.

काशीला आलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपल्याकडची पद्धत. कोणी काय सोडलं ते नानांच्या डोक्यात पक्कं बसायचं. एकदा लातूरचं एक जोडपं अकरा वर्षांनी परत आलं. मी तिथेच होते. त्या गृहस्थांनी ताटलीतली पेरूची फोड उचलली आणि नानांनी त्यांचं मनगट धरलं.

"यजमान, पेरू तर तुम्ही सोडलाय."

"अहो, हे तर घरी रोज खातात," बाई म्हणाल्या.

नानांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दोन दिवस पोथ्या चाळून त्यांनी तोड काढली. मोडलेल्या पेरूच्या बदल्यात त्या गृहस्थांनी फणस सोडायचा. ते खुशीत तयार झाले, कारण फणस त्यांना मुळीच आवडत नव्हता. नाना म्हणाले, "मग सोडलं असं कसं म्हणायचं?" आणि त्यांनी त्या माणसाला मुक्काम वाढवायला लावला. रोज दोन्ही वेळा कटहलाची भाजी, म्हणजे कच्च्या फणसाची, मसाला घालून. चौथ्या दिवशी गृहस्थांनी ती आपण होऊन वाढून घेतली. नानांनी त्यांना जेवू दिलं, हात धुऊ दिले, आणि त्याच पावली घाटावर नेऊन फणस सोडायला लावला. गाडीत बसताना त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

व्रताच्या बाबतीत हा माणूस असा होता. आणि त्यांचं स्वतःचं व्रत फार मोठं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी सुमनकाकू गेल्या, त्यांचे दिवस झाले आणि दुसऱ्याच सकाळी नानांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे उरलेलं आयुष्य काशीची सीमा ओलांडायची नाही. काशीत मरण आलं तर मुक्ती मिळते, गंगेच्या पलीकडच्या तीरावर आलं तर गाढवाचा जन्म, असं इथले लोक हसत हसत सांगतात. नाना हे सांगताना हसत नसत. मी एकदा जरा चेष्टेनंच विचारलं की मोक्षाची एवढी घाई कशाला.

"मोक्षबिक्ष ठीक आहे ताई," ते म्हणाले. "पण ती इथून गेली. मी दुसरीकडून गेलो तर चुकामूक होईल. स्टेशनवर मी दोन मिनिटं दिसलो नाही तर घाबरून जायची ती."

त्यानंतर मी त्या विषयाची चेष्टा केली नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी कल्याणी जर्मनीत असायची. इथल्याच विद्यापीठात बागकाम शिकली आणि तिकडच्या एका जुन्या महालाच्या बागेत नोकरीला लागली. महाल तीनशे वर्षांपूर्वीचा, बरोक थाटाचा, म्हणजे जिथे जागा सापडेल तिथे सोन्याचा वेल काढायचा आणि तिथेही जागा उरली तर पंख असलेलं गुटगुटीत बाळ बसवायचं. तो बांधला होता तिथल्या एका धर्मगुरूनं, जो राजाही होता. नाना सगळ्यांना सांगायचे, "महंतच होता, फक्त मठ जरा मोठा झाला." मुलीबद्दल सांगायचे, "झाडांची हजामत करते, एकदम चौकोनी."

मार्च महिन्यात कल्याणीचा फोन आला की ती लग्न करतेय, त्याच बागेतल्या एका माळ्याशी, आणि लग्न महालाच्या संत्राघरात आहे. बागेतली संत्र्या-लिंबाची कुंड्यांतली झाडं थंडीत ज्या लांबलचक काचेच्या दालनात ठेवतात ते हे संत्राघर. मे महिन्यात झाडं बाहेर काढली की ते रिकामं होतं आणि समारंभांना मिळतं. जावई परका आहे याचं नानांनी काहीच वाटून घेतलं नाही. "हाताला माती लागलेला माणूस आहे," एवढंच बोलले. अडचण एकच होती.

"बाबा, मंगलाष्टकं तुम्ही म्हणायची आणि पहिली अक्षता तुम्ही टाकायची. मी दुसरं काही मांगत नाही," कल्याणी म्हणाली. फोन स्पीकरवर होता, आणि तो लावून द्यायला मला बोलावलेलं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं.

"बेटा, माझं व्रत आहे. तुला माहीत आहे."

"आईला हे चाललं असतं?"

"आईसाठीच आहे ना."

मग ती म्हणाली, "ठीक है बाबा. आप रहने दीजिए." त्या घरात हिंदी फक्त रागावल्यावर बोलायचे.

नाना दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बँकेत निघाले होते, तर गल्लीच्या तोंडाशी छत्री घेऊन उभे. चेहरा उजळलेला.

"ताई, मी पण काय मूर्ख माणूस आहे. रामेश्वर इथे आहे, द्वारका इथे आहे. तो महाल पण इथेच असणार. फक्त आजवर कोणी शोधला नाही."

"नाना, ते तीर्थ नाही. महाल आहे."

"महंताचा आहे ना?" ते म्हणाले.

कल्याणीनं वडिलांवरच्या रागातही महालाचा आणि बागेचा नकाशा पाठवला. तो मी बँकेच्या प्रिंटरवर आठ कागदांत छापून दिला, याची मला अजून थोडी लाज वाटते. नानांनी कागद खळीनं जोडले आणि शोध सुरू झाला. तीन आठवडे हा माणूस हातात नकाशा घेऊन गल्ल्यांतून पावलं मोजत हिंडत होता. महालाच्या पुढच्या दाराला दोन सिंह होते. इथे एका दारावर दोन सिंह सापडले, पैकी एकाला तोंड नव्हतं. आरसेमहाल सापडायला आठवडा लागला. तो निघाला कैलासचं सलून. दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे, आत बसलं की स्वतःच्या शंभर माना दिसायच्या. छतावरची गुटगुटीत बाळं सलूनमध्येच कॅलेंडरवर होती. नानांनी कैलासला ही बातमी दिली तेव्हा तो एकाची दाढी करत होता. त्यानं वस्तरा थांबवून विचारलं, "पंडितजी, किराया बढ़ेगा क्या?"

महाल एकदा सापडल्यावर तो एकट्यानं बघणं नानांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तो नेहमीच्या यात्रेत घातला. नागपूरचे वीस-बावीस यात्रेकरू छत्रीमागून सलूनसमोर येऊन उभे राहिलेले मी स्वतः पाहिले. नाना सांगत होते, "हा आरसेमहाल. इथे महंतराजे पाहुण्यांना भेटत. चपला घातल्या तरी चालतील." एका आजींनी चपला काढल्याच आणि आत जाऊन अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला वाकून नमस्कार केला. त्यानं फेसासकट आशीर्वाद दिला. आजींनी बाहेर आल्यावर विचारलं, इथे काय सोडायचं असतं. नानांनी खूप विचार करून सांगितलं की या जागी फक्त बघायचं असतं, सोडायचं काही नसतं. बायका हिरमुसल्या.

हे सगळं तो फोनवर मुलीला रोज सांगायचा. 'तो' म्हणतेय, कारण फोनवर नाना अगदी लहान होऊन जायचे. आणि गंमत म्हणजे ती पोरगी विरघळत गेली. वेडेपणा खरा, पण हा वेडेपणा तिच्यासाठी चाललाय हे तिला कळत होतं. "बाबा, आज कुठपर्यंत आलात?" असं विचारायला लागली. ती मराठीवर परत आली याचाच नानांना जास्त आनंद होता.

महालाच्या मागे भव्य जिना होता, बागेत उतरणारा. तो दुर्गाघाटाच्या पायऱ्यांशी असा चपखल बसला की मीही चकित झाले. महाल पश्चिमेला, जिना पूर्वेला उतरणारा, इथेही तसंच. पायऱ्या संपल्या की नकाशात आडवा, सरळ, रुंद कालवा होता. नाना शेवटच्या पायरीवर उभे राहिले, समोर गंगा. गंगेला कालवा म्हणताना त्यांनी दोन्ही कान पकडले, पण आनंद लपत नव्हता. "ताई, बघा. जमलं. एकदम सही जमलं."

मग त्यांनी नकाशाचा शेवटचा कागद उलगडला. कारंजी, फुलांचे ताटवे आणि संत्राघर, तिन्ही कालव्याच्या पलीकडे होती.

समोर पलीकडच्या तीरावर उन्हाळ्यातली वाळू पसरलेली होती. तो तीर काशीत येत नाही. नाना पायरीवर खाली बसले. त्यांनी कागद घडी केला, पुन्हा उघडला, जणू तेवढ्यात संत्राघर इकडे येईल.

आता यावर कोणीही सांगेल तेच मी सांगितलं. नकाशा उलटा धरा. संत्राघर गल्लीत येईल आणि आरसेमहाल वाळूत जाईल, कोणाचं काय बिघडतं? नाना माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी कोणाच्या तरी पत्रिकेतले ग्रह हलवायला सांगत होते. "सूर्य पश्चिमेला उगवेल मग," ते म्हणाले. ब्रह्माघाटावरच्या एका वैदिकांना विचारलं, तर त्यांनी निकाल दिला की महाल कल्पनेतला आहे तर सीमाही कल्पनेतच ओलांडावी. नाना तिथून चिडून उठले. मला म्हणाले, "महाल कल्पनेतला असेल. वाळू तर असली आहे ना?"

खरं सांगते, मला त्या दिवसांत त्यांचा राग यायचा. पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि हा माणूस आपणच जोडलेल्या नकाशात आपणच अडकून बसला होता. एकदा मी तोंडावर म्हटलंही, "नाना, तुम्हाला मुलगी पाहिजे की नकाशा?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी तांदूळ धुऊन वाळत घातलेले दिसले, अक्षतांचे.

लग्न तिकडच्या दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला होतं. पाचला नाना तयार होऊन आले. पोपटी काठाचं उपरणं, नवं धोतर, हातात अक्षतांची वाटी. बेत असा ठरला होता की रामधनी मल्लाह, घाटावरचा नावाडी, आपली नाव मधोमध नेईल, तिथे थांबेल, आणि नाना कालव्यातूनच मंगलाष्टकं म्हणतील. अक्षता पाण्यात सोडायच्या, त्या वाहत जिथे जातील तिथे जातील. फोन धरायचं काम माझ्याकडे. मे महिन्यातलं ऊन अजून भाजत होतं. नाव मध्यावर आली आणि रामधनीनं वल्हं पाण्यात रोवून धरलं.

"यहीं तक ना, पंडितजी?"

नाना पलीकडे बघत होते. वाळूवर दोन उंट उभे होते, पर्यटकांना फिरवणारे, आणि चारसहा माणसं फोटो काढत होती. नाव प्रवाहानं हळूहळू सरकत होती. साडेपाचला दहा मिनिटं कमी होती.

"ताई," ते म्हणाले, "आज मुलीचं लग्न आहे. तुमची काकू आज इथे थांबली असेल का हो?"

मला लगेच समजलं नाही.

"ती पहाटेच गेली असेल तिकडे. नऊवारी नेसून पहिल्या खुर्चीवर बसली असेल. आणि मी इथे बसलोय, तिच्याशी चुकामूक नको म्हणून." त्यांनी वाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हे मला मार्चमध्ये समजायला पाहिजे होतं. तेव्हा विमान होतं."

मी फोनकडे बघत बसले.

"रामधनी, चलो," नाना म्हणाले.

"उस पार? आपका तो..."

"उस पार."

रामधनीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. नाव वाळूला लागली. नानांनी धोतर वर धरलं, क्षणभर थांबले आणि खाली उतरले. चार वर्षांनी काशीबाहेर पडलेलं ते पहिलं पाऊल वाळूत घोट्यापर्यंत रुतलं. पावलं मोजत ते सरळ पूर्वेला चालत गेले. उंटवाल्यानं "बाबा, घूमिएगा?" असं विचारलं, त्याला त्यांनी हातानं बाजूला व्हायला सांगितलं, कारण तो दारात उभा होता. मग थांबले. "हे संत्राघर," म्हणाले. मी त्यांच्या समोर जाऊन फोन लावला.

कल्याणी दिसली. मागे उंच काचेच्या खिडक्या, पांढऱ्या खुर्च्या, शेजारी लालबुंद चेहऱ्याचा जावई, त्याला फेटा कोणीतरी उलटा बांधलेला. तिनं हसून विचारलं, "बाबा, पोहोचलात का कालव्यापर्यंत?"

"पोहोचलो."

ती पुढे काही बोलणार होती, पण थांबली. फोनच्या जवळ आली. नानांच्या मागे, पाण्याच्या पलीकडे, सगळे घाट एका ओळीत दिसत होते. काशीत वाढलेल्या मुलीला कोणता तीर कुठून दिसतो हे कोणी सांगावं लागत नाही.

"बाबा," ती म्हणाली, "घाट तुमच्या मागे आहेत."

"हो."

"बाबा, तुम्ही उस पार आहात."

"तुझ्या दारात आहे," नाना म्हणाले. "रडू नको आता. मुहूर्त चाललाय."

तिला ते जमलं नाही. जावयाला काही समजलं नव्हतं, तरी तोही रडायला लागला. नानांनी मात्र खणखणीत आवाजात मंगलाष्टकं सुरू केली. फोटो काढणारी माणसं कानपूरची होती, ती कसलंतरी शूटिंग चालू आहे समजून जवळ आली. नानांनी गाता गाता त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या, उंटवाल्याला दिल्या, रामधनीला दिल्या. दुसऱ्या अष्टकाला कल्याणीचं चित्र गोठलं आणि तिसऱ्याला फोनच बंद पडला. मी खुणेनं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उरलेली सगळी म्हणून काढली, एकही शब्द न गाळता. शेवटच्या 'सावधान'ला आम्ही सहा-सात माणसांनी रिकाम्या वाळूवर अक्षता टाकल्या. एका उंटानं मान खाली घालून त्या हुंगल्या.

कानपूरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊन उतरलं होतं, सूर्य घाटांच्या मागे टेकला होता. रामधनी नावेत जाऊन बसला आणि मला म्हणाला, पंडितजींना आणा, उशीर होईल. मी हाक मारली.

"येतो ताई, तुम्ही बसा," नाना म्हणाले. "इतक्या दूर आलो आहे, बाग पाहून घेतो. पोरगी विचारेल."

मी नावेत बसून बघत राहिले. त्यांनी छत्री उघडली आणि ते वाळूत पुढे निघाले, अगदी सावकाश. मध्येच थांबून कशाकडे तरी वाकून बघायचे, दोन पावलं मागे सरायचे, पुन्हा बघायचे. एका जागी, जिथे काहीही नव्हतं, तिथे त्यांनी धोतर वर उचललं, छत्री डाव्या बाजूला तिरकी केली आणि अंगावर कारंज्याचं पाणी उडू नये म्हणून मोठा वळसा घालून गेले. वळसा पुरा झाल्यावर त्यांनी डावा हात थोडा बाहेर काढून कोणालातरी पुढे जाऊ दिलं, आणि मग स्वतः मागून चालू लागले.